मलप्रभेच्या खोऱ्यात दोन रात्री : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जाणारे बहुतेक लोक जांबोटीला चहा घेतात आणि घाट उतरून जातात. ज्या मुलखातून ते जातात, त्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात मुक्काम करायचं क्वचितच कुणाच्या मनात येतं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथून जांबोटी, कुसमळी, असोगा असं करत ती खानापूरला येते. हे वरचं खोरं म्हणजे भाताची खाचरं, काजूच्या बागा, मधेच घनदाट जंगल आणि कौलारू घरांची छोटी गावं. पुण्या-मुंबईहून किंवा हुबळी-बेंगळुरूहून शहराला कंटाळून येणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या खेपेला धबधब्यांची यादी घेऊन येऊ नका. एक गाव निवडा, दोन रात्री तिथंच राहा आणि एका नदीच्या कडेनं फिरा. यादी घेऊन आलेला माणूस दिवसभर गाडीतच बसून असतो, आणि पावसाळ्यात त्या यादीतल्या निम्म्या जागी वनखात्याचा अडसर लावलेला असतो.

आधी महिना ठरवा

पावसाळ्यातले फोटो बघून सगळ्यांना जुलैत यावंसं वाटतं. जुलैत कणकुंबी-आमगावच्या बाजूला आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, वीज जाते, ओढ्यांना पूर येऊन वाटा बंद होतात आणि जळवा पायाला लागतात. हे सगळं सोसायची तयारी असेल तर जरूर या, कारण रोप लावणीचे दिवस तेच. पण घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर पहिली खेप दसऱ्यानंतरची धरा. ऑक्टोबरात ओढे वाहते असतात, रस्ते वाळलेले असतात आणि भात पिवळं पडायला लागलेलं असतं. नोव्हेंबरात सुगी सुरू होते. गावातलं प्रत्येक माणूस तेव्हा शेतात असतं, त्यामुळे तुमच्याशी गप्पा मारायला कुणी मोकळं नसेल. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडते आणि लोकांनाही सवड असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काजू, एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं, फणस. उन्हाळ्यात दुपारी हवा तापते, पण सकाळ-संध्याकाळ छान जाते.

तीन तारखा टाळा. गणपतीत घरोघरी गोवा-पुण्याहून आलेली पोरं असतात. कुणाच्याच घरात जागा नसते आणि असली तरी त्या दिवसांत मागू नये. 1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते, दुसरीकडे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात मराठी माणसं काळा दिन पाळतात, त्यामुळे शहरातून वाहन काढणं अवघड होतं. आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा बेळगावातल्या लॉजच्या खोल्या मिळत नाहीत, भाडी चढतात आणि जागोजागी बंदोबस्त असतो. अधिवेशनाच्या तारखा आधी बघून मगच तिकिटं काढा.

बेळगावपर्यंत

पुण्याहून बेळगाव साधारण 340 किलोमीटर, कोल्हापूरहून 110 च्या आसपास. रस्ता सरळ आहे : कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, बेळगाव. रेल्वेनं यायचं तर गोवा एक्सप्रेस आणि शरावती एक्सप्रेस या जुन्या गाड्या आहेत, आणि सप्टेंबर 2024 पासून पुणे-हुबळी वंदे भारतही बेळगावला थांबते. वार आणि वेळा बदलत राहतात, म्हणून त्या रेल्वेच्या अ‍ॅपवरच बघा. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं आहे. शोधताना जुन्या नावानं काही सापडलं नाही तर हे नाव टाका. विमानतळ सांबऱ्याला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे.

शक्यतो सकाळी पोचा. दुपारी पोचलात तर सामान घेऊन घाईनं जांबोटी गाठण्यापेक्षा रात्र बेळगावात काढा. गणपत गल्ली, खडेबाजार फिरा, कुंदा ही इथली मिठाई खा आणि उरलेली खरेदी तिथंच उरका.

एक काम मात्र विसरू नका. स्टँडवर तरुण भारत विकत घ्या. 1919 पासून बेळगावातून निघणारं हे दैनिक आहे. खानापूरच्या बातम्यांच्या पानावर कुठला पूल पाण्याखाली आहे, कुठल्या रस्त्याचं काम चालू आहे, हत्ती कुठल्या शिवारात उतरलेत, हे सगळं छापून आलेलं असतं. मोबाइलचा नकाशा तुम्हाला यातलं काहीच सांगत नाही.

बेळगावहून खोऱ्यात

जांबोटी बेळगावपासून साधारण 30 किलोमीटर. पिरनवाडी, किणये, कुसमळी असा रस्ता आहे. दुसरी वाट खानापूरवरून. बेळगाव-खानापूर 26 किलोमीटर, आणि खानापूर-जांबोटी आणखी वीसेक. पहिल्यांदा येताना किणयेवरून या आणि जाताना खानापूरवरून जा, म्हणजे नदीचं सगळं वरचं पात्र बघून होतं.

मध्यवर्ती बसस्थानकावरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर घाबरायचं कारण नाही. कंट्रोलरच्या खिडकीवर जाऊन 'जांबोटीची गाडी कुठं लागते?' असं मराठीत विचारा, नीट उत्तर मिळतं. जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना या बसमधून मोफत प्रवास आहे, त्यामुळे गाड्या भरून जातात. महाराष्ट्रातून आलेल्या बायकांना तिकीट काढावं लागतं, कारण सवलतीसाठी कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं असतं. बाजाराच्या दिवशी आणि शाळा सुटायच्या वेळेला जागा मिळेल असं धरू नका.

आतल्या गावांची सगळी गणितं वस्तीच्या गाडीवर चालतात. ही गाडी संध्याकाळी गावात येते, रात्रभर तिथंच मुक्काम करते आणि भल्या पहाटे पोरांना, दूधवाल्यांना, बाजारकरणींना घेऊन परत निघते. तुमच्या मुक्कामाच्या गावाला वस्तीची गाडी आहे का, हे खोली ठरवतानाच विचारा. असेल तर परतीची काळजी मिटली. नसेल तर जांबोटी किंवा खानापूरहून वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, मिळतं, पण ते माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि अंधार पडल्यावर बंद होतं.

स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी पेट्रोल बेळगावात किंवा खानापुरात भरून घ्यावं. कुसमळीच्या पुढं सकाळी धुकं दाट असतं आणि वळणावर गुरं बसलेली असतात. चोर्ल्याच्या रस्त्यावर ट्रकही भरपूर. रात्री गाडी चालवायचा बेत करूच नका. गोव्याच्या बाजूनं येणार असाल तर आणखी एक : कणकुंबीला तपासणी नाका आहे. गोव्यातली दारू डिकीत घालून आणली तर सहलीचा निम्मा दिवस तिथंच जाईल, आणि वर गुन्हा दाखल होईल तो वेगळाच.

मुक्काम कुठं आणि कसा ठरवायचा

जांबोटीच्या आजूबाजूला आणि चोर्ल्याकडं फार्महाउस, होमस्टे, काही रिसॉर्ट आहेत. पोहण्याचा तलाव आणि मोठ्यानं गाणी असली जागा हवी असेल तर तीही मिळेल, पण त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नाही. गावातल्या घराला लागून असलेली साधी खोली शोधा. फोनवर एवढं विचारा : संडास खोलीला लागून आहे की बाहेर, वीज गेली तर काय सोय, शेवटच्या डांबरी रस्त्यापासून घर किती लांब, तिथं कुठल्या कंपनीची रेंज येते. रेंजचा प्रश्न खरा आहे. कित्येक गावांत एकाच टेकाडावर उभं राहिल्यावर फोन लागतो. म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा, घरच्यांना दोन दिवस फोन लागणार नाही असं सांगून ठेवा आणि सुटे पैसे बरोबर घ्या. रेंज नसेल तिथं मोबाइलवरून पैसे पाठवता येत नाहीत, आणि पाचशेची नोट मोडायला गावात दुसरं दुकान नसतं.

जेवणाची वर्दी आदल्या दिवशी द्या. कोंबडी, मासे किंवा भाजी आणायला घरातल्या कुणाला तरी जांबोटीपर्यंत जावं लागतं. आयत्या वेळी 'आम्ही सहा जण जेवायला आहोत' असं सांगितलं तर त्या घरची बाई काहीही करून वाढेल, पण तिची तारांबळ होईल. जेवण साधं असतं : भात, आमटी, सुकी भाजी, सोलकढी, नाचण्याची भाकरी. पावसात अळंबी आणि ओढ्यातले खेकडे. चुलीसमोर बसायला मिळालं तर भाकरी होताना बघा. नाचण्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून पीठ आधी उकळत्या पाण्यात घालून उकड काढतात, गरम असतानाच मळतात आणि ओल्या हातानं थापतात. परातीवरून तव्यावर टाकताना ती तुटत नाही, यातच करणारीचा हात कळतो. तव्यावर वरून पाण्याचा हात फिरवला की कडा सुटायला लागते. ती भाकरी जाड मिठाबरोबरसुद्धा गोड लागते.

गावात वागायचं कसं

पोचल्या पोचल्या 'कुठलं गाव पाव्हणं?' असं विचारतील. मग आडनाव, मग कुणाकडं उतरलाय, मग तुमच्या गावचा कोण ओळखीचा निघतोय का. ही चौकशी म्हणजे आगाऊपणा नव्हे, तुमची नोंद होते आहे. सरळ, सविस्तर सांगा. एकदा गावाला माहीत झालं की हे अमक्याचे पाहुणे, की वाट चुकलात तरी कुणीतरी आणून सोडतं. वडीलधाऱ्यांना मामा, मावशी म्हणा.

इथल्या गावांत मराठीच बोलतात, घाटाकडं कोकणी मिसळते. सरकारी मराठी शाळा आहेत, देवळातली भजनं मराठी आहेत. सरकारी कचेरीत आणि वनखात्याच्या चौकीवर मात्र कन्नड लागेल, तिथं यजमानाला बरोबर घ्या. सीमाप्रश्नाचा विषय तुमच्याशी बोलताना निघणारच. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासूनची ही गोष्ट आहे आणि महाराष्ट्रानं 2004 मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पाव्हण्यानं ऐकावं, विचारावं. चहाच्या टपरीवर भाषण देऊन निघून गेलेल्या माणसाचं काही बिघडत नाही, पण ज्यांना शेजारी राहायचं आहे त्यांचं बिघडतं.

शेताच्या बाबतीत फार जपा. लावणीच्या दिवसांत खाचरांचे बांध नुकतेच चिखलानं लिंपलेले असतात. फोटोसाठी त्यावर पाय पडला की कड फुटते, वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं आणि रोपं वाहून जातात. कडेला उभं राहिलं तरी सगळं दिसतं. चिखलणी झालेल्या खाचरात रोपांच्या मुठी आधी लांबून फेकून ठेवतात. मग बायका ओळीनं वाकून उलट्या पावलांनी मागं सरकत जातात, डाव्या हातात मूठ, उजव्या हाताच्या बोटांनी दोन-तीन रोपं सुटी करून खोचत. कुणी मान वर करत नाही, पण ओळ हलत नाही. फोटो काढायचा तर आधी मोठ्यानं विचारा. 'काढा की!' असं ऐकू आलं तर काढा, कुणी तोंड फिरवलं तर कॅमेरा आत ठेवा.

पहिला दिवस : उगमाकडं

सकाळी नाश्ता करून कणकुंबीला जा, जांबोटीपासून साधारण अठरा किलोमीटर. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. उंची सुमारे 792 मीटर. बघायला आलेले पुष्कळ जण 'एवढंच?' म्हणतात, कारण डोळ्यांपुढं एक कुंड आणि देऊळ असतं. तिथं जरा बसा आणि आजूबाजूच्या उतारांकडं बघा. या कुंडातलं पाणी पूर्वेला जातं, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात साठतं आणि 304 किलोमीटरचा प्रवास करून कुडलसंगमला कृष्णेला मिळतं. याच गावच्या परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला वळतो, म्हादईला मिळतो आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रात जातो. एकाच गावावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो.

म्हादईच्या पाण्याचं भांडण तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. ते याच जमिनीवरचं आहे. कळसा आणि भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं, असा कर्नाटकचा प्रकल्प आहे. म्हादई पाणीतंट्याच्या लवादानं ऑगस्ट 2018 मध्ये त्यासाठी 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केलं आणि त्यावर गोव्याची हरकत आहे. कणकुंबीच्या परिसरात कालव्याचं खोदकाम बघायला मिळतं. गावकऱ्यांशी यावर बोला. झरे आटतील का, शेत जाईल का, हा त्यांच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

दुपारनंतर चिगुळ्याला जा. तिथंही माउलीचं देऊळ आहे, आणि डोंगरकडेवरून चोर्ल्याचं जंगल खाली गोव्याकडं उतरत गेलेलं दिसतं. ढग असले तर काही दिसणार नाही, थोडा वेळ थांबावं लागतं. कड्याला कठडा असेलच असं नाही. मुलांचा हात सोडू नका. अंधाराच्या आत मुक्कामी परत या.

दुसरा दिवस : नदीच्या कडेनं खाली

सकाळी जांबोटीच्या बाजारात पेढे घ्या. मग हब्बनहट्टी. मलप्रभेच्या पात्रातच स्वयंभू मारुती आहे आणि दर पावसाळ्यात पूर आला की देऊळ पाण्याखाली जातं. बेळगाव-खानापूरच्या लोकांना पावसाचा जोर कळतो तो याच बातमीवरून : 'हब्बनहट्टीचा मारुती पाण्याखाली गेला.' पाणी उतरल्यावर गाळ काढून, धुऊन पूजा परत सुरू होते. पाणी कमी असताना खडकांवर बसता येतं, पण तिथं पोहू नका. वर कणकुंबीला पाऊस झाला की इथं ऊन असतानाही पाणी चढतं, आणि खडकांमधल्या डोहांची खोली वरून कळत नाही.

तिथून खानापूरच्या रस्त्याला लागून असोग्याला रामलिंगाच्या देवळाशी थांबा. नदी इथं रुंद होते. दुपारचा डबा खायला जागा चांगली आहे, फक्त खरकटं आणि पत्रावळी परत पिशवीत घाला.

वेळ उरला तर खानापूरच्या पुढं हलशीला जा. आज खेडं असलेलं हे गाव म्हणजे कदंब राजांची पलाशिका, त्यांची दुसरी राजधानी. भूवराह-नरसिंहाचं देऊळ तासभर निवांत बघण्यासारखं आहे. वाटेत नंदगड लागतं. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये इथं फाशी दिली, त्याची समाधी आहे. खुद्द खानापूर कौलांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी जुनं प्रसिद्ध गाव.

जंगलात जायचंच असेल तर

जांबोटीच्या दक्षिणेचं जंगल भीमगड अभयारण्यात येतं. डिसेंबर 2011 मध्ये ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. भीमगड किल्ला, गवाळीजवळचा वज्रपोहा धबधबा, बारापेडेच्या गुहा हे सगळं त्याच बाजूला. गुहांत वटवाघळांची एक जात राहते, जी जगात फार थोड्या ठिकाणी सापडली आहे. तिथं जाऊ देत नाहीत, ते योग्यच आहे. बाकी ठिकाणी वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या, दोन्ही पाहिजेत. परवानगीची चौकशी खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयात यायच्या आधीच करा. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असते आणि ती मोडणाऱ्यांना पोलीस परत पाठवतात.

बंदीचा राग येऊ देऊ नका. आमगावसारख्या गावातून आजारी बाईला पावसात खांद्यावरून चालत आणावं लागल्याची बातमी 2024 च्या जुलैतलीच आहे. गावच्या माणसाची ही अवस्था, तर धबधब्यात पाय मोडलेल्या पाव्हण्याला कोण आणि कसं बाहेर काढणार?

या भागात गवे, अस्वलं आणि भात पिकायच्या सुमाराला हत्तीही असतात. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, पहाटे जंगलाकडेला एकट्यानं जाऊ नका, आणि हत्ती शिवारात आहे असं कळलं की फोटोच्या मागं धावू नका. अस्वल माणसावर येतं ते बहुधा अचानक समोरासमोर आल्यावर, म्हणून वाटेनं बोलत चाला.

पिशवीत काय असावं

विजेरी, घट्ट पकडीचे बूट, पावसात गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि मिठाची पुडी. जळू ओढून काढू नका, मीठ लावलं की सुटते. नेहमीची औषधं पुरेशी आणा. साप चावला तर झाडपाल्यात वेळ न घालवता, हातपाय न हलवता थेट खानापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावला न्या. रुग्णवाहिकेचा नंबर 108, पण रेंजचा भरवसा नाही. म्हणून गावात गाडी कुणाकडं आहे हे पहिल्या संध्याकाळीच विचारून ठेवा.

निघताना यजमानांकडं घरचे तांदूळ, आमसूल किंवा काजू असतील तर विकत घ्या, आणि भाव करत बसू नका. परतीची गाडी धरताना एवढं लक्षात असू द्या की खानापूर स्टेशनवर सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत. तिकीट बेळगावहूनच काढा आणि खानापूर-बेळगाव हा टप्पा बसनं करा. त्यासाठी हाताशी दोन तास ठेवा, कारण संध्याकाळी बेळगावात शिरताना गाड्यांची रांग लागते.